एका रक्तरोगाची ओळख

मी वैद्य नव्हे. अडतीस वर्षें मुलांना गणित व मराठी शिकवून निवृत्त झालेला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला मी एक शाळामास्तर आहें. रक्ताच्या एका दुर्मिळ रोगाचें निदान कसें होतें यावर माझ्यासारख्यानें नभोवाणीवर बोलावें, हें आपणांपैकीं पुष्कळांस धाडसाचें वाटेल. मलाहि तें तसेंच वाटतें. परंतु या विषयाशीं माझी गांठ आयुष्यांत दोनदां पडली, आणि पहिल्या वेळीं मला कांहींच समजलें नव्हतें. म्हणून दुसऱ्या वेळीं जें समजलें तें आपल्या कानांवर घालावें असें मनांत आलें.

पहिली गांठ १९८४ सालची. माझ्या सातवीच्या वर्गांत एक चुणचुणीत मुलगा होता. पावसाळा सरतां सरतां त्याच्या पोटऱ्यांवर निळेकाळे डाग दिसूं लागले. हुतूतू खेळतांना पडला असेल असें समजून मीं त्याला "जरा जपून खेळत जा" एवढेंच सांगितलें. चार दिवसांनीं प्रार्थनेच्या वेळीं त्याच्या नाकांतून रक्त आलें, तें लवकर थांबेना. त्याची आई म्हणाली कीं, दांत घासतांना हिरड्यांतूनहि रक्त येतें आणि सकाळीं उशीवर डाग पडलेले असतात. त्यानंतर बाराव्या दिवशीं तो मुलगा गेला. रक्तांत कांहीं बिघाड झाला होता, इतकेंच आम्हांस कळलें. रोगाला नांव मिळालें नाहीं. हजेरीपटावरील त्याचें नांव मींच लाल शाईनें कमी केलें.

दुसरी गांठ दोन वर्षांपूर्वींची. त्याच वर्गांतला माझा एक विद्यार्थी आज एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत रक्ताची तपासणी करणारा डॉक्टर आहे. कामानिमित्त त्याच्याकडे गेलों असतां त्यानें मला सूक्ष्मदर्शकापाशीं बसविलें आणि म्हणाला, "गुरुजी, हें बघा आणि काय दिसतें तें सांगा." मला एक जांभळट रंगाची पेशी दिसली. तिच्यांत बारीक दाणे खच्चून भरलेले होते, आणि त्या दाण्यांमधून काड्याच काड्या, एकीवर एक पडलेल्या. मी म्हणालों, "अरे, ही तर लाकडांची मोळी!" तो हंसला. "बरोबर. इंग्रजी पुस्तकांतूनहि तिला मोळीचीच उपमा आहे. ही दिसली कीं मी खुर्चींत बसून राहत नाहीं, धांवतों."

तो कां धांवतो, हें आज सांगावयाचें आहे.

आपल्या हाडांच्या पोकळींत जी मज्जा असते, ती रक्तपेशींची शाळा आहे असें समजा. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या चिमुकल्या रक्तबिंबिका, या सर्वांचें शिक्षण तेथेंच होतें. जंतूंशीं लढणारी जी मुख्य पांढरी पेशी, तिला सहा इयत्ता चढून जावें लागतें. त्या पुऱ्या झाल्या म्हणजे ती शाळेबाहेर पडून रक्तप्रवाहांत कामाला लागते. ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या नांवाचा जो रक्ताचा कर्करोग आहे, त्यांत या शाळेंतली चढती थांबते. कोवळ्या, अर्धवट शिकलेल्या पेशी वरच्या इयत्तेंत जात नाहींत आणि शाळाहि सोडीत नाहींत. त्यांची संख्या मात्र वाढत जाते, आणि निरोगी पेशींना बसावयास जागा उरत नाहीं. या कर्करोगाचे पुष्कळ प्रकार आहेत. त्यांपैकीं एकांत पेशी नेमक्या दुसऱ्या इयत्तेंत अडकतात. त्या इयत्तेंतल्या पेशीला प्रोमायलोसाइट म्हणतात, म्हणून या प्रकाराचें नांव ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. आधींच विरळ असलेल्या मूळ रोगाच्या शंभर रोग्यांत या प्रकाराचे पांच ते दहांच्या आसपास निघतात. तरुण व मध्यम वयाच्या माणसांत तो अधिक आढळतो, पण मुलेंहि त्यांतून सुटत नाहींत.

आतां, या प्रकाराला निराळें काढण्याची जरूर काय? जरूर अशी कीं, याच्या पेशींतले ते दाणे रक्त गोठण्याची सारी व्यवस्था उधळून लावतात. एकीकडे नको तेथें रक्त गोठूं लागतें, त्यांत गोठविणारें द्रव्य खर्ची पडतें. दुसरीकडे गोठलेलें रक्त वितळविणारी यंत्रणाहि बेफाम सुटते. मग हिरड्या, नाक, कातडी यांतून रक्त येऊं लागतें, आणि तेंच मेंदूंत झालें म्हणजे तासाभरांत खेळ आटोपतो. ओस्लो येथील हिलेस्टाड या डॉक्टरानें १९५७ सालीं असे तीन रोगी वर्णन करून या रोगास प्रथम स्वतंत्र स्थान दिलें. अवघ्या कांहीं आठवड्यांत प्राण घेणारा, रक्तस्रावाकडे विलक्षण ओढ असलेला रोग, असें त्याचें वर्णन होतें. ल्युकेमियाच्या साऱ्या प्रकारांत हा सर्वांत घातकी, असा त्याचा लौकिक पुढें कित्येक वर्षें राहिला.

हा रोग मुळांत होतो कशानें, हें कळण्यास आणखी वीस वर्षें लागलीं, आणि तें श्रेय शिकागोच्या जॅनेट राऊली या बाईंकडे जातें. या बाईंविषयीं मला फार आदर वाटतो. चार मुलगे वाढवितांना त्या आठवड्यांतून मोजकेच दिवस काम करीत. पेशींतील गुणसूत्रांचीं छायाचित्रें घरीं आणून, जेवणाच्या टेबलावर कात्रीनें एकेक गुणसूत्र कापून त्या जोड्या लावीत, आणि आई कागदाच्या बाहुल्यांशीं खेळते म्हणून मुलें त्यांची थट्टा करीत. १९७० च्या सुमारास स्वीडनमधील कास्पर्सन यांनीं गुणसूत्रांवर आडवे पट्टे उमटविण्याची रीति काढली होती. आपल्याकडे बायका जशा काठपदरावरून लुगडें कोठलें तें ओळखतात, तसें या पट्ट्यांवरून कोणतें गुणसूत्र कोणतें, हें ओळखतां येऊं लागलें. प्रोमायलोसाइटच्या रोगांत सतरा क्रमांकाच्या गुणसूत्राचा एक तुकडा नाहींसा झालेला शिकागोच्या या मंडळींस दिसला, व १९७६ सालीं त्यांनीं तसें प्रसिद्धहि केलें. पण तुकडा गेला कोठें? तो हरवला नव्हता. १९७७ सालीं उलगडा झाला कीं, सतराव्याचा तुकडा पंधराव्याला जाऊन चिकटला आहे आणि पंधराव्याचा सतराव्याला. दोन पुस्तकांचीं पानें सुटून भलत्याच पुस्तकांत शिवलीं जावीं, तसा हा प्रकार. आणि हा अदलाबदलीचा दोष प्रत्येक रोग्याच्या रोगट पेशींतच सांपडे, निरोगी पेशींत नव्हे. म्हणजे हा दोष आईबापांकडून आलेला नसतो, मुलांकडेहि जात नाहीं. जन्मानंतर एखाद्या पेशींत तो अपघातानें घडतो. गुणसूत्रांचा रोग म्हटला कीं आपल्याकडे लगेच कुळाला बोल लावण्याची खोड आहे, म्हणून हें मुद्दाम सांगितलें.

या शिवणीच्या जागीं काय आहे, तें पॅरिस व लंडन येथील संशोधकांनीं १९९० सालीं दाखवून दिलें. सतराव्या गुणसूत्रावर 'अ' जीवनसत्त्वापासून होणाऱ्या रेटिनोइक ॲसिडचा संदेश स्वीकारणारें एक जनुक आहे. पेशीनें वरच्या इयत्तेंत जावें ही आज्ञा त्याच्या द्वारें मिळते. पंधराव्यावरील एका जनुकाशीं त्याची विजोड जोडणी झाली कीं आज्ञा ऐकूं येईनाशी होते, आणि पेशी दुसऱ्या इयत्तेंतच बसून राहते.

पण गंमत ही कीं, कारण कळण्यापूर्वींच औषध सांपडलें होतें. शांघाय येथील वांग झेन्यी हे डॉक्टर रेटिनोइक ॲसिडचा एक प्रकार प्रयोगशाळेंतल्या कोवळ्या पेशींवर वापरून पाहत होते, आणि त्या पेशी मरण्याऐवजीं प्रौढ होत होत्या. १९८५ सालीं एक पांच वर्षांची मुलगी या रोगानें अगदीं शेवटास आली होती. तिला त्यांनीं हें औषध तोंडावाटे दिलें आणि ती बरी झाली. १९८८ सालीं त्यांच्या गटानें चोवीस रोग्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. चोविसांच्या चोवीस जणांत रोग मागें हटला होता. कर्करोगाच्या पेशीला ठार न मारतां तिला शिकवून मोठी करावयाची, हा विचार तोंपर्यंत कोणी माणसावर असा यशस्वी केला नव्हता. शिक्षेपेक्षां सुधारणा बरी, या कन्फ्यूशिअसच्या शिकवणीशीं या उपचाराचें नातें जोडलें जातें. मुलांना छडी मारणाऱ्या मास्तरांच्या पिढींत मी वाढलों, व क्वचित् ती मींहि उगारली आहे. त्यामुळें ही गोष्ट ऐकून मी थोडा ओशाळलों हें कबूल करतों.

मनांत हिशेब आल्याविना राहत नाहीं. शांघायची ती मुलगी १९८५ ची, आणि माझ्या वर्गांतला तो मुलगा १९८४ चा.

असो. औषध आहे, तें गुणकारी आहे, मग घाई कशाची? घाई याचसाठीं कीं औषधाचा गुण यावयास कांहीं दिवस लागतात, आणि रक्तस्राव तेवढे दिवस थांबत नाहीं. आज या रोगानें जे दगावतात, त्यांपैकीं पुष्कळसे पहिल्या कांहीं दिवसांत, कित्येकदां तर रोगाचें नांव निश्चित होण्यापूर्वींच दगावतात. पहिला महिना जो पार करतो, त्याला बरें होण्याची आशा फार मोठी असते. म्हणजे या रोगांत निदान हेंच उपचाराचें पहिलें पाऊल, आणि तें त्याच दिवशीं पडावें लागतें.

तें पडतें कसें? रोगी येतो तो थकवा, ताप, डाग किंवा हिरड्यांतलें रक्त घेऊन. रक्ताची साधी मोजणी केली जाते. रोगाचें नांव ल्युकेमिया, म्हणजे शब्दशः पांढरें रक्त. तेव्हां पांढऱ्या पेशी भाराभर वाढलेल्या असतील असें कोणासहि वाटेल. पण या प्रकारांत पुष्कळ वेळां त्या नेहमींपेक्षांहि कमी असतात, रक्तबिंबिका तर फारच कमी. मोजणी करणारें यंत्र आंकडे बरोबर देतें, पण त्या थोडक्या पेशींत एक मोळी आहे, हें तें हमखास सांगेलच असें नाहीं. त्यासाठीं कोणीतरी काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून, रंगवून, डोळ्यांनीं पाहावा लागतो. त्या काड्यांना ऑअर यांचें नांव आहे. त्यांनीं १९०६ सालीं त्यांचें वर्णन केलें होतें. एखादी काडी या कर्करोगाच्या इतर प्रकारांतहि दिसते. मोळी दिसली कीं संशय या प्रकाराकडे झुकतो. लगोलग रक्त गोठण्याच्या चांचण्या करतात. गोठविणारें द्रव्य उतरलेलें आणि वितळलेल्या गुठळ्यांचे अवशेष वाढलेले आढळले, म्हणजे संशय बळावतो.

आणि येथेंच आमच्या शाळेच्या रीतीविरुद्ध एक नियम आहे. आम्ही मुलांना सांगतों, सिद्धता पुरी झाल्याशिवाय उत्तर लिहूं नका. येथें संशय आला कीं सिद्धतेची वाट न पाहतां रेटिनोइक ॲसिड सुरूं करावयाचें, आणि रक्तबिंबिका व गोठविणारें द्रव्य रोग्याला भरावयाचें, असा जगभरच्या तज्ज्ञांचा दंडक आहे. संशय खोटा ठरला तर औषध थांबवितां येतें, दोनचार दिवसांच्या गोळ्यांनीं फारसें बिघडत नाहीं. संशय खरा असून वाट पाहिली, तर मात्र दुरुस्ती नाहीं. मी विद्यार्थ्याला म्हणालों, "हें म्हणजे आधीं उत्तर, मग गणित." तो म्हणाला, "हो, पण गणित सोडवावें लागतेंच, गुरुजी. त्याला सुटी नाहीं."

तें गणित तीन रीतींनीं सुटतें. पहिली राऊली बाईंची: मज्जेंतल्या पेशी वाढवून त्यांचीं गुणसूत्रें मांडून पाहणें. ती भरंवशाची, पण तिला कित्येक दिवस लागतात. दुसरींत त्या दोन जनुकांना दोन रंगांचे चमकणारे ठिपके चिकटवितात, एकाला तांबडा व दुसऱ्याला हिरवा; जनुकें एकमेकांस जोडलीं गेलीं असतील तर दोन ठिपके एकत्र येऊन पिवळा दिसतो. ही परीक्षा बहुधा एका दिवसांत होते. तिसरींत त्या विजोड जनुकाचा संदेश लक्षावधि पटींनीं वाढवून हुडकतात. तिचा आणखी उपयोग असा कीं, उपचार पुरा झाल्यावर रोगाचा लवलेश उरला आहे काय, हें तिच्यानें कळतें.

तरीहि फसगत होते. या रोगाच्या एका उपप्रकारांत दाणे इतके सूक्ष्म असतात कीं साध्या सूक्ष्मदर्शकाला ते दिसतच नाहींत, पेशीचें केंद्र मधोमध चिमटलेलें असतें, आणि पांढऱ्या पेशींची संख्या मात्र भरपूर वाढलेली. घाईनें पाहणारा त्यांना भलत्याच जातीच्या पेशी समजतो. दुसरी फसगत याहून अवघड. क्वचित् सतराव्याचा तुकडा पंधराव्याला न चिकटतां अकराव्याला चिकटतो. असा रोगी शांघायच्याच मंडळींनीं १९९३ सालीं वर्णन केला. पेशींचें रूप बरेंचसें तेंच, पण रेटिनोइक ॲसिड तेथें जवळजवळ निष्प्रभ ठरतें. म्हणून पंधरा-सतराची चांचणी नकारार्थी आली तरी चांगली प्रयोगशाळा तेथेंच वही मिटत नाहीं. सतराव्यावरील तें जनुक दुसऱ्या कोठें फुटून गेलें आहे काय, हें शोधते.

दुसऱ्या एका औषधाविषयीं थोडें सांगतों, कारण त्यांत आपल्या देशाचा वांटा आहे. तें औषध म्हणजे सोमल! ज्या विषाच्या नांवानें आपल्या आजीबाई कानांवर हात ठेवीत, तोच. चीनच्या उत्तरेस हार्बिन येथें १९७० नंतरच्या दशकांत झांग टिंगडोंग व त्यांचे सहकारी एका गांवठी औषधाची पारख करीत होते. त्यांत सोमल, पारदाचा क्षार आणि भेकाचें विष होतें. गुण सोमलाचा, हें त्यांनीं निवडून काढलें. रेटिनोइक ॲसिड त्या विजोड जोडणीच्या एका टोकाला धरतें, तर सोमल दुसऱ्या टोकाला धरून ती जोडणीच मोडून टाकतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांतील डॉक्टरांनीं महागडे उपचार न परवडणाऱ्या रोग्यांना केवळ सोमलावर ठेवून पाहिलें, आणि २००६ सालीं बहात्तर रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकीं बासष्ट जणांत रोग पूर्ण मागें हटला होता. पुढें २०१३ सालीं इटलीच्या लो-कोको व सहकाऱ्यांनीं ज्यांच्या पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या नाहींत अशा रोग्यांना हीं दोन्ही औषधें एकत्र दिलीं. दोन वर्षांनंतर शंभरांत सत्त्याण्णव जणांत रोगानें पुन्हां डोकें वर काढलें नव्हतें, व मृत्यूहि झाला नव्हता. अर्थात् सोमल तो सोमलच. शिरेवाटे, मोजून, हृदयाच्या गतीवर डोळा ठेवून तो देतात. घरगुती पुड्यांचा हा विषय नव्हे, आणि तसा कोणी करूं नये.

आतां आपल्या घरांपुरतें. अंगावर दिसलेला प्रत्येक डाग हा कांहीं कर्करोग नव्हे. शंभरांत नव्व्याण्णव डाग टेबलाच्या कोपऱ्याचे असतात. परंतु न लागतां आलेले डाग, टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके, दांत घासतांना रोज येणारें रक्त, बाईमाणसाची विटाळशी नेहमींपेक्षां फार जाणें, यांपैकीं दोन गोष्टी एकत्र आल्या तर त्याच दिवशीं रक्त तपासावें. आपल्याकडे पावसाळ्यांत रक्तबिंबिका उतरल्या कीं घरचे सारे एकमुखानें "डेंग्यू" म्हणतात, आणि बहुधा तो असतोहि. तेव्हां डॉक्टरांना एवढेंच नम्रपणें विचारावें कीं, रक्ताची काचपट्टी कोणी डोळ्यांनीं पाहिली आहे काय? या प्रश्नाला फार पैसे पडत नाहींत. दुखतें म्हणून ॲस्पिरिन घेणें किंवा दांत उपटवून घेणें, हें मात्र तपासणी होईपर्यंत टाळावें.

दांतावरून आठवलें. मीं पाहिलेली ती मोळी एका बावीस वर्षांच्या मुलीची होती. दाढ दुखते म्हणून ती दांतांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनीं हिरड्या पाहिल्या, दंडावरचा डाग पाहिला, चिमटा खालीं ठेवला आणि आधीं रक्त तपासून या म्हणून सांगितलें. माझ्या मतें त्या दिवशींचें खरें निदान त्यांचें. संध्याकाळीं साडेसातला काचपट्टी माझ्या विद्यार्थ्यानें पाहिली. रात्रीं नऊला तिच्या पोटांत पहिल्या गोळ्या गेल्या. दुसऱ्या दिवशीं दुपारीं पिवळे ठिपके दिसले. गुणसूत्रांचा लेखी अहवाल आठव्या दिवशीं आला, तेव्हां तिच्या हिरड्या कोरड्या झाल्या होत्या. मध्यें एकदां तिला ताप येऊन श्वास लागला होता. पेशी भराभर प्रौढ होऊं लागल्या म्हणजे असें होऊं शकतें, व त्यावर वेगळें औषध आहे. दीड महिन्यानें मज्जा तपासली, तींत रोगट पेशी राहिल्या नव्हत्या.

निघतांना मीं त्याला विचारलें, "अरे, आपल्या सातवींतला तो. तुझ्या शेजारीं बसत असे. त्याला हेंच झालें असेल का रे?"

तो बराच वेळ बोलला नाहीं. मग यंत्रावरून ती काचपट्टी काढून पेटींत ठेवीत म्हणाला, "काय सांगूं, गुरुजी? काचपट्टी असती तर पाहिली असती."